डॉ. मारिया माँटेसरी आणि मागे पडलेली मुले



नगरचे नाव निघाले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना मौलाना अबुल कलाम आझाद आठवतात. १९४२ च्या ऑगस्टपासून मौलानासाहेब नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि ‘गुबार-ए-खातिर’मधील बहुतेक पत्रे त्यांनी तेथेच लिहिली. परंतु त्याच्या दोन वर्षे आधी, १९४० च्या पावसाळ्यात, आपल्या कडा-आष्टीच्या पलीकडे त्याच नगरला आणखी एक माणूस कैदेत होता, हे फारसे कोणास ठाऊक नाही. त्यावेळी बीड निजामाच्या राज्यात होते आणि नगर इंग्रजांच्या मुलखात. हा कैदी इटालियन होता, वय ४२, नाव मारिओ. गुन्हा काहीच नव्हता. १० जून १९४० रोजी इटलीने महायुद्धात उडी घेतली आणि हिंदुस्थानात असलेले इटालियन नागरिक एका रात्रीत शत्रुपक्षाचे ठरले. मारिओला नगरच्या छावणीत धाडण्यात आले. त्याची वृद्ध आई मद्रासजवळ अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात होती आणि तिलाही आवाराबाहेर पाऊल टाकण्याची बंदी होती.

त्या आईचे नाव डॉ. मारिया माँटेसरी.

हे नाव आपल्याला नवे नाही. बालवाडीच्या पाटीवर ते सर्रास दिसते. पाटी माँटेसरीची आणि आत तीन वर्षांच्या लेकराकडून घोकंपट्टी, असाही प्रकार पुष्कळ ठिकाणी चालतो. तो विषय येथे नको. या लेखाचे कारण वेगळे आहे. माँटेसरीबाईंनी आपले काम हुशार मुलांपासून सुरू केले नव्हते. ज्या मुलांचा घरच्यांनी, शाळेने आणि सरकारने नाद सोडून दिला होता, त्या मुलांपासून त्यांनी सुरुवात केली. काल शिकविलेले अक्षर आज ओळखत नाही, पाच मिनिटे एका जागी बसत नाही, गणित तोंडी येते पण वहीत उतरत नाही, अशा मुलाच्या आईवडिलांनी हे चरित्र वाचावे म्हणून ते येथे दिले आहे.

मारियाचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या लहान गावी झाला. वडील सरकारी नोकर, जुन्या वळणाचे. मुलीने शिकून शिक्षिका व्हावे, याहून अधिक त्यांची अपेक्षा नव्हती. मुलीला मात्र डॉक्टर व्हायचे होते. आईने, रेनिल्दे तिचे नाव, मुलीची बाजू घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. रोम विद्यापीठात त्या काळी वैद्यकीच्या वर्गात मुलगी म्हणजे नवलच. पुरुषांच्या बरोबरीने शवविच्छेदन करणे सभ्यपणाचे समजले जात नसे; म्हणून सगळे निघून गेल्यावर संध्याकाळी प्रेतांच्या खोलीत एकटीने बसून तिला तो अभ्यास पुरा करावा लागे. १८९६ साली ती डॉक्टर झाली. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांत तिची गणना होते.

नोकरी मिळाली ती मनोरुग्णांच्या दवाखान्यात. कामाचा भाग म्हणून रोममधील वेड्यांच्या इस्पितळात जावे लागे. तेथे मोठ्या माणसांबरोबरच काही लहान मुलेही कोंडलेली असत. ती वेडी नव्हती. कुणाला बोलता येत नसे, कुणाला समजायला वेळ लागे, कुणी नुसते चंचल असे. त्यांच्यासाठी दुसरी जागा नव्हती, एवढेच. तेथे घडलेला एक प्रसंग माँटेसरीबाईंच्या चरित्रकारांनी आवर्जून सांगितला आहे. जेवण झाले की ही मुले जमिनीवर रांगत पावाचे कण वेचीत. देखरेख करणाऱ्या बाईला त्याची किळस येई. तिच्या मते ती हावरट होती. माँटेसरीबाईंनी खोलीकडे नजर टाकली. चार उघड्या भिंती. खेळणे नाही, खडा नाही, काडी नाही. पावाच्या कणाखेरीज हातात धरावे असे काही त्या खोलीत नव्हतेच. भूक पोटाची नव्हती, हाताची होती.

पालकांनी या प्रसंगावर थोडे थांबावे. आपले मूल गोधडीचे दोरे उसवते, भिंतीचे पोपडे काढते, पेन्सिल चावते, बाकाखाली पाय हलविते. आणि आपण त्याच्या पाठीत धपाटा घालतो. देखरेख करणाऱ्या त्या बाईला दिसले तेवढेच आपल्यालाही दिसते.

माँटेसरीबाई कामाला लागल्या. पूर्वी कुणी काही केले आहे काय याचा शोध घेता त्यांना दोन फ्रेंच डॉक्टर सापडले. पहिले इतार. १८०० सालच्या सुमारास फ्रान्समधील आव्हेराँ भागात जंगलात वाढलेला एक मुलगा सापडला होता. त्याला माणसांत आणण्यासाठी इतार यांनी अनेक वर्षे खर्ची घातली. दुसरे त्यांचे शिष्य सेगँ. बुद्धीने मागे असलेल्या मुलांना डोळे, कान आणि हात यांच्या वाटेने शिकविता येते, हे त्यांनी दाखवून दिले होते. पण त्यांची पुस्तके धूळ खात पडली होती. माँटेसरीबाईंनी या दोघांचे ग्रंथ स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. शब्द न् शब्द नीट समजावा यासाठी ही मेहनत. विद्यार्थी मित्रांनी हे ध्यानात घ्यावे की, ती तेव्हा पदवीधर डॉक्टर होती आणि कुणी परीक्षा घेणार नव्हते.

१८९८ साली तुरीन येथे शिक्षकांची परिषद भरली. तेथे या तरुण डॉक्टरीणबाईंनी मांडले की, मागे पडलेल्या मुलांचा प्रश्न औषधापेक्षा शिकविण्याच्या पद्धतीचा अधिक आहे. दोन वर्षांनी, १९०० मध्ये, रोमला अशा मुलांसाठी एक संस्था निघाली आणि तिच्या दोन संचालकांपैकी एक माँटेसरीबाई होत्या. दिवसभर मुलांत राहावे आणि रात्री टिपणे काढावीत, असा क्रम चालला. लाकडाची अक्षरे करवून घेतली. मूल ती डोळ्यांनी पाही, बोटाने गिरवी आणि त्याच वेळी त्याचा उच्चार ऐके. अक्षर डोळ्यांतून गेले नाही तर बोटातून जाई. शिवणकाम शिकवायचे तर आधी सुई हाती द्यायची नाही. आधी कागदाच्या पट्ट्या खालून-वरून विणायच्या. हात तयार झाला की मग सुई. यांपैकी काही मुले नेहमीच्या शाळांतील मुलांबरोबर सरकारी परीक्षेस बसली आणि वाचन-लेखनात उत्तीर्ण झाली.

रोममध्ये वाहवा झाली. बाईंना मात्र वेगळाच प्रश्न पडला. टाकून दिलेली मुले इतके करू शकतात, तर धडधाकट मुले त्यांच्याच पातळीवर का राहावीत? चांगल्या शाळा चांगल्या मुलांचे काय करीत आहेत?

येथे एक खुलासा केला पाहिजे. त्या संस्थेतील मुले आणि आज ज्यांना आपण अध्ययन-अक्षम म्हणतो ती मुले सर्वस्वी एक नव्हेत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी सामान्य, कित्येकदा तल्लख असते; अक्षर आणि आवाज यांची सांगड मात्र त्याच्या डोक्यात सहजी बसत नाही. लक्ष न टिकणारे मूल हट्टी वा आळशी नसते. थांबणे आणि चिकटून राहणे हे त्याच्या मेंदूलाच जड जाते. हे ज्ञान माँटेसरीबाईंच्या तरुणपणी नव्हते, आणि त्यांची पद्धत हे या अडचणींवरचे रामबाण औषध आहे, असे म्हणणेही खरे ठरणार नाही. तथापि कामाचे लहान तुकडे पाडावेत, एका वेळी एकच अडचण पुढे ठेवावी, डोळ्यांबरोबर हात आणि कानही कामाला लावावेत, ही रीत आजही अशा मुलांना शिकविणारे वापरतात, आणि तिचा उगम इतार-सेगँ-माँटेसरी या घराण्यात आहे.

आपल्या घरांत तर याची गरज दुप्पट. आपले मूल उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे वाचते, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. बे, ते, से ही अक्षरे केवळ नुक्त्यांनी वेगळी होतात. मराठीत घ आणि ध, भ आणि म यांत जरासाच फरक. बहुतेक मुले हे सारे पचवितात. काहींना मात्र ते वर्षानुवर्षे जमत नाही, आणि मग मदरशात मार, शाळेत मार आणि घरी टोमणे. अशा मुलासाठी सुताराकडचा पॉलिश पेपर आणावा, त्यातून हातभर मोठे अक्षर कापून पुठ्ठ्यावर चिकटवावे आणि दोन बोटांनी त्यावरून फिरवायला सांगावे, तोंडाने आवाज काढीत. पॉलिश पेपर नसेल तर ताटात रवा पसरावा. एका दिवशी एकच अक्षर, आणि एकमेकांसारखी दिसणारी दोन अक्षरे एका आठवड्यात मुळीच नाहीत.

पुढे १९०७ साल उजाडले. रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत एका बांधकाम मंडळाने चाळी दुरुस्त करून घेतल्या होत्या. आईबाप मजुरीला जात आणि मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत. भिंती वाचाव्यात म्हणून कुणीतरी ही मुले सांभाळावीत, एवढाच मंडळाचा हेतू. ६ जानेवारी १९०७ रोजी माँटेसरीबाईंनी तेथे बालगृह उघडले. अंगावर धड कपडे नाहीत, बोलायला भितात, अशी सुमारे ५० मुले होती. शिकवायला प्रशिक्षण नसलेली एक तरुणी. बाईंनी तिला फारसे शिकविलेच नाही. पाहा, आणि काय दिसले ते सांगा, इतकेच तिचे काम.

तेथे जे दिसले त्यातील एक गोष्ट लक्ष न टिकणाऱ्या मुलाच्या आईने मुद्दाम ऐकावी. सुमारे ३ वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या भोकांत लहानमोठ्या गोल नळ्या बसवीत होती. बसवी, काढी, पुन्हा बसवी. माँटेसरीबाई मोजू लागल्या. तिचे चित्त ढळते का पाहावे म्हणून त्यांनी इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने नळ्या मांडीवर घेतल्या आणि काम पुढे चालू. चाळीसहून अधिक वेळा झाल्यावर ती आपण होऊन थांबली आणि झोपेतून उठल्यासारखी प्रसन्न दिसली. तीन वर्षांच्या मुलाचे लक्ष काही क्षणांपलीकडे टिकत नाही, हे तोवर सगळे मानून चालले होते.

आपण घरी काय करतो? मूल ज्वारी आणि तुरीचे दाणे वेगळे करीत बसलेले असते, आणि आपण हाक मारतो. चल, आधी पाढे म्हण. त्याचे लक्ष लागलेले असते तेव्हा ते आपणच मोडतो, आणि संध्याकाळी लक्ष लागत नाही म्हणून रागावतो. ज्या मुलाला खरोखरीच अवधानाचा विकार आहे त्याला हुकमाने बसविता येत नाही. पण दिवसाकाठी एखादे काम असे असते की ज्यात ते आपण होऊन दहा मिनिटे रमते. ते काम कोणते, याची आईने आठवडाभर नोंद ठेवावी. अभ्यासही मग दहा मिनिटांचाच, मध्ये पाणी भरून आणायला उठविणे, पुन्हा दहा मिनिटे. टीव्ही आणि मोबाइल समोर चालू असताना मात्र कुणाचाच अभ्यास होत नाही, मोठ्यांचाही नाही.

दुसरा प्रसंग हसण्यासारखा आहे. एके दिवशी बाईंनी मुलांना नाक कसे शिंकरावे याचा धडा दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज कसा होऊ द्यायचा नाही, सारे सावकाश करून दाखविले. मुले गंभीरपणे पाहत राहिली आणि शेवटी त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाई चकित झाल्या. मग उलगडा झाला. नाकासाठी या मुलांना रोज बोलणी बसत. पण नाक कसे पुसायचे हे आजवर कुणी शांतपणे, अपमान न करता दाखविलेच नव्हते. दप्तर आवरत नाही, बटण लावत नाही, वेळापत्रक विसरते म्हणून ज्या लेकराला आपण रोज हिणवितो, त्याला ते काम कधी सावकाश करून दाखविले आहे काय?

सान लोरेन्झोची कीर्ती जगभर गेली. १९०९ साली पद्धतीवरचे पुस्तक निघाले, अनेक भाषांत गेले. ते सारे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. सांगायला हवे ते त्यांच्या स्वतःच्या घराविषयी.

माँटेसरीबाईंना एक मुलगा होता. ३१ मार्च १८९८ रोजी तो जन्मला, म्हणजे तुरीनच्या परिषदेत त्या दुसऱ्यांच्या मुलांविषयी बोलल्या त्याच वर्षी. मुलाचे वडील हे त्यांचेच सहकारी डॉक्टर. दोघांचा विवाह झाला नाही. पुढे त्या गृहस्थांनी अन्यत्र लग्न केले आणि १९०१ मध्ये बाईंनी ती संस्था सोडली. त्या काळच्या इटलीत अशा मुलाला उघडपणे जवळ ठेवले असते तर सर्व काम जागच्या जागी बुडाले असते. मूल खेड्यातील एका कुटुंबात वाढले. त्याला भेटायला अधूनमधून एक बाई येई. ती कोण, हे त्याला सांगितलेले नव्हते. साऱ्या जगाच्या आईबापांना मुलाजवळ बसून त्याच्याकडे पाहायला शिकविणारी ही स्त्री स्वतःच्या मुलाजवळ त्याच्या १५ व्या वर्षापर्यंत बसू शकली नाही. आपल्या समाजात या गोष्टीकडे लोक कसे पाहतील, याची लेखकास कल्पना आहे. परंतु चरित्र सांगायचे तर हे झाकून सांगता येत नाही. रेनिल्दे वारली आणि त्यानंतर थोड्याच काळात, १९१३ च्या सुमारास, मारिओ आईकडे आला. तेव्हापासून तो तिची सावली झाला. लोकांत मात्र त्याला पुतण्या अथवा दत्तक म्हणूनच ओळखत.

मुसोलिनीशी बिनसल्यावर १९३४ पासून इटलीत त्यांच्या शाळांना टाळे लागले. स्पेनमध्ये राहिल्या, तेथे १९३६ साली यादवी पेटली. हॉलंडला गेल्या. तेथून १९३९ च्या नोव्हेंबरात, डॉ. अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून, मारिओसह मद्रासला आल्या. वय ६९. सुमारे ३०० शिक्षक पहिल्या वर्गाला जमले. बाई इटालियनमधून बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजी करी. काही महिन्यांचा मुक्काम ठरला होता. महायुद्धामुळे तो १९४६ पर्यंत लांबला आणि हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले.

मराठी मुलखात त्यांचे विचार मात्र त्यांच्याही आधी पोहोचले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९३६ मध्ये मुंबईत दादरला आल्या आणि त्यांनी शिशुविहार काढला. पुढे १९४५ मध्ये त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी पद्धतीची महाग साधने गरिबाच्या मुलाला कोठून परवडणार? त्यांनी दगड, शंख, बिया, पाने हीच साधने केली. आदिवासी मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. असे मूल मठ्ठ नव्हे, त्याची केवळ शाळा बुडालेली असते. घरी दखनी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी कळत नाही, तेही मठ्ठ नव्हे. आधी हे पाहावे. मग डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा न दिसणाऱ्या मुलाला ढ ठरविलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. एवढे करूनही अडचण उरली तर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे आणि तपासणी कोठे होते ते विचारावे. यात लपविण्यासारखे काही नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अडचणी मान्य केल्या आहेत आणि अध्ययन-अक्षमता त्यांत आहे. रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. मुलीच्या बाबतीत तर, लग्न जमताना आड येईल म्हणून प्रमाणपत्र न घेणारे पालक आहेत. तिचे शिक्षण आठवीत थांबते ते त्यामुळेच.

आता पुन्हा नगरकडे वळू. जून, जुलै गेले. ऑगस्ट संपत आला. अड्यारला माँटेसरीबाई आपले काम करीत होत्या, पण दुभाष्या नव्हता, सोबती नव्हता, मुलगा नव्हता. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांना ७० वर्षे पुरी झाली. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली. वाढदिवसाची भेट म्हणून मारिओला मोकळे करीत असल्याचे तीत कळविले होते. त्या तारेत मारिओसाठी पुतण्या हा शब्द नव्हता, दत्तक हाही नव्हता. सरकारने सरळ मुलगा असे लिहिले होते. बेचाळीस वर्षे जो शब्द उघडपणे उच्चारता आला नाही, तो असा परक्या सरकारच्या तारेतून घरी आला. मारिओ नगरहून अड्यारला परतला.

त्यानंतर त्यांनी १२ वर्षे काम केले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी त्या मारिओशी आफ्रिकेच्या प्रवासाचे बोलत होत्या; तेथील शिक्षकांना शिकवायला जाण्याचा त्यांचा विचार होता. वय ८१ आणि प्रकृती बरी नव्हती, म्हणून त्यांनी जाऊ नये असे मारिओचे मत पडले. त्याच दिवशी त्यांचा अंत झाला. मृत्युपत्रात त्यांनी मारिओचा उल्लेख आपला मुलगा असाच केला होता.